माती खाणारं घर

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आमचे हे म्हणतात. नसू दे. कुलूप असतं तर ही हकिकत तुम्हाला सांगितली कुणी असती? मामंजी सांगायचे नाहीत आणि ह्यांना सांगता यायची नाही. ह्यांची कुठलीही गोष्ट 'काय झालं की' इथं सुरू होते आणि 'जाऊ दे' इथं संपते. मधलं सगळं आपण समजून घ्यायचं.

तर त्या सकाळी मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. ऊन चढत होतं, वारा पडलेला, शेतातली ढेकळं तापून पांढरी पडलेली. तेवढ्यात चौकातला न्हावी फाटकातून आत आला. ह्या माणसाची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालते. एरवी तो आधी पावसाचं बोलणार, मग गुराढोरांचं, मग माझ्या माहेरचं, आणि जाता जाता कामाचं. त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. त्याच्या मागून शाळेचे मास्तर आले. मास्तरांच्या हनुवटीवर ही एवढी पांढरी पट्टी.

न्हाव्यानं टॉवेलात गुंडाळलेला एक दगड काढला आणि ओट्यावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

"नाना कुठायत?"

नाना म्हणजे माझे सासरे, आमचे मामंजी. सगळी पंचक्रोशी त्यांना दगडनाना म्हणते. आमच्या शेताच्या टोकाला ओढ्याची घळ आहे. त्या घळीच्या कडेत वर तांबडी माती, खाली मुरूम, आणि दोहोंच्या मध्ये हातभर जाडीचा राखाडी दगडाचा थर. वस्तऱ्याला धार लावायला तो दगड चालतो. सगळा नाही, शंभरात पाच. ते पाच कुठले हे ओळखणारा माणूस दहा गावांत एकच. पन्नास वर्षं न्हावी लोक आमच्या दारात येतात आणि मामंजी देतील तो दगड डोळे मिटून घेऊन जातात. दगडात खोट असली तर धार बिघडते, आणि धार बिघडली तर ती कुणाच्या तरी गळ्यावर बिघडते. म्हणून एवढा मान.

मामंजी गोठ्यातून आले. दगड बघितला, मग मास्तरांची हनुवटी बघितली. काय ते समजले.

न्हावी म्हणाला, "महिन्यापूर्वी तुम्हीच पारखून दिला. पहिले काही दिवस लोण्यासारखा चालला. मग वरचा पापुद्रा झिजला आणि आतला खडा वर आला. मला दिसला नाही, वस्तऱ्याला दिसला. पात्याला खाच पडली आणि ती खाच मास्तरांच्या हनुवटीत अडकली."

"दोन टाके पडले," मास्तर म्हणाले. "पोरं वर्गात विचारतात, सर, मांजर चावलं का."

"माणूस चुकतो, नाना. पण किती वेळा? त्या वरच्या गावच्या न्हाव्याचा दगड परत आला. मग बाजारातल्या बुटक्याचा आला. आता माझा. राग मानू नका, सरळ बोलतो. ह्या खेपेला तुम्ही माती खाल्ली."

मला वाटलं, आता भडका उडणार. मामंजींना असं तोंडावर कुणी बोललेलं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. पण ते शांतपणे म्हणाले, "खाल्ली असती तर ही वेळ आली नसती."

न्हावी माझ्याकडं बघायला लागला, मी मास्तरांकडं आणि मास्तर आभाळाकडं. 'माती खाल्ली' म्हटल्यावर माणूस एक तर चिडतो, नाही तर मान खाली घालून कबूल होतो. हे तिसरंच काहीतरी होतं. मी मनात म्हटलं, संपलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"बरं," न्हावी म्हणाला. "पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो. आठ दिवस आहेत. चांगला दगड दिलात तर झालं गेलं विसरलो. नाही तर मी शहरातून कारखान्याचा दगड आणतो. आणि बाकीचे सगळे माझ्याकडं बघून बसलेत, नाना. मी आणला की तेही आणतील."

ते दोघं गेले. मामंजींनी तो दगड उचलला, पदर नव्हता म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसला. संध्याकाळी ह्यांना म्हणाले, "गवंड्याला निरोप दे. अंगणातला ढीग घेऊन जा म्हणावं. त्याला पाया भरायला दगड हवेतच."

आता हा ढीग काय ते सांगते. थरातून काढलेला दगड लगेच पारखत नाहीत. चार-पाच वर्षं तो उन्हापावसात मुरू द्यायचा, जो फुटायचा तो फुटून जातो, राहील तो पारखायचा. असा मामंजींनी स्वतः छिन्नीनं काढलेला शे-दीडशे दगडांचा ढीग आमच्या अंगणात, ऐन दारासमोर. माझा आणि त्या ढिगाचा उभा दावा. त्यात विंचू निघतात, कोंबड्या तिथं अंडी घालून विसरतात, आणि माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख तिथं तीनदा गेलंय. तो हलवा म्हणून मी बारा वर्षं कानीकपाळी ओरडत होते. पण मामंजींनी तो द्यायला सांगितला तेव्हा मला आनंद होईना. कारण ढीग गेला म्हणजे माणूसही गेलाच की. मग त्यांनी उरलेलं आयुष्य करायचं काय? ओट्यावर बसून माशा मारायच्या?

मी ह्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी बोला ना त्यांच्याशी."

हे म्हणाले, "जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंडी शोधत गोठ्यामागं गेले. बघते तर मामंजी भिंतीकडं तोंड करून उकिडवे बसलेले. शेजारी पाण्याची वाटी, वाटीत त्यांची कवळी. हातात दगड. आणि तोंड चालू. ओठांच्या कडेनं राखाडी ओघळ गळतोय, आणि ते हिरड्यांनी चघळतायत, चघळतायत. माझ्या हातातून अंडं पडलं.

म्हातारा माती खात होता.

मी आल्या पावली मागं फिरले आणि तडक दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंगात रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते. नाही तर जंत." दोन्हीच्या गोळ्या दिल्या. जंताची एक, लाल रंगाच्या दहा. घरी येऊन मी मामंजींना म्हटलं, "ताकदीच्या आहेत, घ्या." त्यांनी गोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गिळली. दुसऱ्या दिवशीचीही गिळली. बिचाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं मी काय समजले ते. पण एका शब्दानं बोलले नाहीत. मूग गिळून गप्प म्हणतात, हे गोळ्या गिळून गप्प.

चौथ्या दिवशी सकाळीच गवंडी गाडी घेऊन आला. मी चुलीशी होते. बाहेर धाड धाड आवाज यायला लागले, दगड गाडीत पडत होते. गवंडी ह्यांना म्हणत होता, "एवढा नावाजलेला माणूस, आणि म्हातारपणी माती खाल्ली म्हणायची."

हे म्हणाले, "जाऊ दे."

आणि माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. माती खाल्ली. खाल्ली असती तर ही वेळ आली नसती. अरे देवा. म्हातारा वेडंवाकडं बोललाच नव्हता. त्यानं अगदी जसं होतं तसं सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे शहाणे आभाळाकडं बघत होतो.

मी तशीच बाहेर धावले आणि गाडीच्या पुढं उभी राहिले.

"गाडी रिकामी करा."

"अहो वहिनी, नानांनीच बोलावलंय."

"नानांनी बोलावलं, मी परत पाठवते. घर एकच आहे."

"पण माझा पाया खणून पडलाय. आता पाऊस आला तर?"

"तर पोहायला शिका. दगड काढा खाली. आणि फेकू नका, हातानं ठेवा."

गवंडी ह्यांच्याकडं बघायला लागला. ह्यांनी माझा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं दगड उतरवायला लागले. संसारात एवढं शहाणपण त्यांना आहे, ते मान्य केलं पाहिजे.

मग मी गोठ्यामागं गेले. मामंजी तिथंच होते, त्याच जागी. मी समोर बसले.

"मामंजी, तुम्ही दगड दातांनी पारखता."

त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. मग म्हणाले, "गोळ्या अजून घ्यायच्या का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की नाकातून पाणी येतं, तसं झालं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दगड दोन बोटांत धरून टिचकी मारायची. टण वाजला तर सलग, थप वाजला तर आत चीर. मग वर पाणी ओतायचं. दगडानं पाणी चटकन पिऊन टाकलं तर तो भुसभुशीत, पाणी वरच थांबलं तर आवळ. मग तोंडाची वाफ सोडून वास घ्यायचा. हे सगळं ते सगळ्यांदेखत करायचे, न्हावी लोकांना शिकवायचेही. पण शेवटची पारख वेगळी. ओल्या दगडावर दगडाचाच तुकडा घासला की पांढुरकं पाणी सुटतं. त्याला ते दूध म्हणतात. ते दूध बोटानं जिभेवर घ्यायचं आणि पुढच्या दातांत हलकं फिरवायचं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, असा कणभर खडाही दाताला लागतो. असं चारी अंगांनी करायचं. हे करताना ते लोकांकडं पाठ करायचे. लोक म्हणायचे, नाना दगडाच्या कानात मंत्र सांगतात.

"मंत्र कसला," मामंजी म्हणाले. "माझ्या बापानं मला सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नकोस, जग हसेल. पन्नास वर्षं माती खाल्ली आणि मान मिळवला. आता खाता येत नाही, तर लोक म्हणतात माती खाल्ली."

आणि मग मला पुढचं समजलं, त्यांनी न सांगताच. आठ महिन्यांपूर्वी कवळी कुणी बसवली? मी. तोवर त्यांच्या तोंडात चार दात उरले होते, दोन वर, दोन खाली, अगदी समोरासमोर. मी रोज त्यांना वेगळं मऊ करून घालून वैतागले होते. शहरातला दातांचा डॉक्टर म्हणाला, पूर्ण कवळी हवी तर हे चार काढावे लागतील. मामंजी म्हणाले, राहू दे चार. मी म्हटलं, चार दातांचं काय लोणचं घालायचंय? हट्टानं काढायला लावले.

"तेव्हाच बोलायचं होतं ना, मामंजी."

"काय बोलू? सून एवढ्या मायेनं दात बसवतेय, तिला म्हणू, नको गं, मला माती खायची आहे? आणि मला वाटलं, कवळीनं भागेल. नाही भागलं. कवळीनं खडा शोधणं म्हणजे बूट घालून काटा शोधणं. पण तुला सांगितलं असतं तर जन्मभर तुझ्या मनाला लागून राहिलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ."

मला इतकं वाईट वाटलं की मी खाली बघत बसले. भलं करायला गेले आणि माणसाचं हत्यारच उपटून टाकलं. असं वाईट मला माझी आई गेली तेव्हा वाटलं होतं, त्यानंतर त्या दिवशी. पण नुसतं वाईट वाटून घेऊन दगड पारखला जात नाही.

मी म्हटलं, "माझे बत्तीस आहेत."

"काय?"

"दात. अक्कलदाढांसकट. द्या तो दगड."

"लोक हसतील तुला."

"आत्ता काय कमी हसतायत? चार दिवस उरलेत. शिकवा."

खरं तर आधी आम्ही ह्यांना बसवून बघितलं. मुलगा आहे, घरचा धंदा आहे. पण ह्यांचं तोंड तंबाखूनं असं झालंय की त्यात वाळू काय आणि साखर काय. प्रत्येक दगडाला म्हणाले, "बरा आहे." गवंड्याच्या गाडीतून पडलेला विटेचा तुकडा घासून दिला, त्यालाही बरा आहे. मामंजींनी हात जोडले.

मग मी. पहिलं दूध जिभेवर घेतलं आणि म्हटलं, "मातीसारखं लागतं."

"चव कुणी विचारली?" मामंजी म्हणाले. "आवाज सांग. चावू नको, दातावर दात नुसता सरकव. दातात नाही, कानाच्या मागं ऐकू येईल."

काहीच ऐकू आलं नाही. दहा दगड झाले, वीस झाले. तोंड कोरडं, जीभ राखाडी, आणि मला सगळे सारखेच. ओठाला ओठ लावला तरी खरखर. मी रडकुंडीला आले. तेव्हा मामंजी उठले आणि न्हाव्यानं परत आणलेला तो दगड घेऊन आले. खाचेच्या जागी दूध काढलं आणि म्हणाले, "हे घे. हे खोटं आहे हे ठाऊक असून ऐक."

मी डोळे मिटले. दात सरकवले. कच्.

एवढासा आवाज. डोक्याच्या आत, कानाच्या पाठीमागं. मास्तरांची हनुवटी मला ऐकू आली म्हणा ना.

"लागलं," मी म्हटलं.

मामंजींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्या घरात बारा वर्षांत मी तशी नजर बघितली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मी दगडच खाल्ले. सकाळी गुरांचं उरकायचं, चूल उरकायची आणि गोठ्यामागं जाऊन बसायचं. मामंजी दगड निवडून, वाजवून, पाणी पाजून माझ्याकडं द्यायचे. मी चारी अंगांचं दूध घ्यायची आणि सांगायची. कच्. कच्. हा तीन बाजूंनी गुळगुळीत, चौथ्या बाजूला कच्. जेवण बेचव झालं, पुढचे दात आंबले, आणि शेजारीण विचारून गेली की तुझ्याकडं गोड बातमी आहे का, माती खातेस म्हणे. मी म्हटलं, आहे, दगडाएवढी आहे.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत अर्धा ढीग झाला, तरी एकही दगड पास झाला नव्हता. मामंजी थकून गेले होते. आणि मग ढिगाच्या तळाशी, कोंबड्यांनी उकरलेल्या जागी मला एक दगड सापडला. पारव्याच्या रंगाचा, दीड वीत लांब. टण वाजला. पाणी धरून राहिला. मी दूध घेतलं आणि दात सरकवले, तर काही नाही. साय फिरवावी तसं. दुसरी बाजू, तिसरी, चौथी. काहीच नाही.

"हा," मी म्हटलं.

मामंजींनी दगड उन्हात धरला आणि मान हलवली. "ह्याला रेघ आहे."

होती. केसाएवढी काळपट रेघ, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी गेलेली.

"रेघेचा दगड मी आयुष्यात कुणाला दिला नाही. रेघ म्हणजे खोट."

"मी रेघेवरच दूध काढलं, मामंजी. तीनदा. तुमच्या डोळ्याला दिसते ती रेघ, माझ्या दाताला लागत नाही. नुसता रंग आहे तो."

"तुला शिकून चार दिवस झाले."

"दात चार दिवसांचे नाहीत."

ते उठले. दगड घेऊन ओट्यावर जाऊन बसले. दिवेलागणीपर्यंत त्याच्याकडं बघत होते. मी स्वैपाकघरातून त्यांच्याकडं बघत होते. मला वाटत होतं, उचलतील आणि फेकून देतील. दुसरा दगड शोधायला वेळ तर नव्हताच. आत येताना त्यांनी तो कोनाड्यात ठेवला, पण हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी न्हावी आला. धोकटी घेऊन आला, सगळं सामान त्यात. मास्तरही आले, पण ते चार हात लांब बसले. मामंजींनी आत जाऊन दगड आणला आणि न्हाव्याच्या हातात दिला.

न्हाव्यानं दगड उलटापालटा केला. "नाना, ह्याला रेघ आहे की. रेघेचा दगड घेऊ नये हे तुम्हीच मला शिकवलंत."

"घास," मामंजी म्हणाले.

"पहिल्या दिवशी सगळेच दगड शहाणे असतात, नाना. मागचा पण होता."

"मग वरचा थर उतरव आणि घास. रेघेवरच घास."

न्हाव्यानं धोकटीतून खरबरीत दगड काढला आणि आमच्या दगडाचं तोंड नखभर खाली उतरवलं. अर्धा तास लागला. रेघ होती तिथंच राहिली. मग पाणी टाकलं, वस्तरा आडवा ठेवला आणि घासायला सुरुवात केली, जाताना एक, येताना एक. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला. स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटून धारेवर टेकवला. केसाचे दोन झाले.

"केस कापतो. पण केसाला हनुवटी नसते," न्हावी म्हणाला. "गालावर बघायला पाहिजे. मास्तर?"

"मी बघायला आलोय," मास्तर म्हणाले.

न्हाव्यानं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांना गुरांना पाणी पाजायचं आठवलं.

"माझ्यावर बघ," मामंजी म्हणाले आणि ओट्यावर बसले. आठ दिवसांची दाढी वाढलेली, पांढरी, खुंटासारखी. न्हाव्यानं साबण लावायला ब्रश उचलला. मामंजींनी त्याला हातानं थांबवलं, तोंडातली कवळी काढली आणि माझ्या हातात दिली.

"अहो नाना, ती राहू द्या," न्हावी म्हणाला. "तिच्यामुळं गाल भरलेला राहतो. पोकळ गालावर चांगली धारसुद्धा अडकते."

मामंजींनी नुसती मान हलवली. मला समजलं. त्यांच्या डोळ्याचा त्या रेघेवर अजून विश्वास नव्हता. पण माझा शब्द अर्धा खरा मानायचा नाही, मानायचा तर पुरता, म्हणून त्यांनी गाल पोकळ करून पुढं केला. मी ती ओली कवळी पदरात धरली. दगड चुकला तर न्हावी जाणार होता, ढीग जाणार होता, मान जाणार होता, हे सगळं होतंच. पण त्या क्षणी मला फक्त तो सुरकुतलेला गाल दिसत होता. त्यावर रक्त आलं असतं तर ते मी काढलेलं असतं.

न्हाव्यानं कातडं ताणलं आणि वस्तरा लावला. अंगणात फक्त तेवढाच आवाज, सर्र, सर्र. कानशिलापासून खाली, खोबणीत, जबड्याच्या कडेनं, हनुवटीच्या वळणावर. मग गळा. मास्तर लांब बसले होते ते कधी जवळ येऊन उभे राहिले मला कळलं नाही. न्हाव्यानं एकदा उलटा हात फिरवला, ओल्या टॉवेलानं तोंड पुसलं, आणि गालावरून बोट फिरवलं. कुठं लाल टिपूससुद्धा नाही.

न्हावी म्हणाला, "नाना, तुमची नजर परत आली. आठ दिवसांपूर्वी बोललो ते मागं घेतो."

मामंजी काहीतरी म्हणाले. कवळी नसल्यानं नुसतं फसफस झालं. न्हाव्याला कळलं नाही, मास्तरांना कळलं नाही. मला कळलं. रोज तेच ऐकते मी.

"काय म्हणाले नाना?" न्हाव्यानं मला विचारलं.

मला मामंजींचा मान राखायचा होता. पन्नास वर्षं कमावलेला तो, माझ्या पायी जाता जाता वाचला होता. मी म्हटलं, "म्हणतात, दगड जपून वापरा."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला. मी कवळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात बसवली, जबडा दोनदा मिटून नीट केली, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलले.

"ही खोटं सांगते. मी म्हटलं, दगड माझ्या सुनेनं पारखलाय. माझा डोळा नको म्हणत होता, तिनं हो म्हटलं. ह्यापुढं ह्या दारात येऊन नाना आहेत का म्हणून विचारायचं नाही. बाई आहेत का विचारायचं."

न्हावी वळून माझ्याकडं बघायला लागला. बारा वर्षांत त्यानं मला पाणी द्या, चहा द्या आणि नानांना हाक मारा, एवढंच सांगितलेलं होतं. त्यानं वस्तरा पुसला, मिटला, दगड दोन्ही हातांनी उचलून टॉवेलात गुंडाळला.

"बाई," तो म्हणाला, "वरच्या गावच्याला एक हवाय आणि बुटक्याला एक. कधी पाठवू त्यांना?"

मी म्हटलं, "दहा दिवसांनी पाठवा. आधी माझे दात बरे होऊ देत."